पितृपंधरवड्यातला आजी-आजोबा दिवस

पन्हाळ्यावर राहणाऱ्याला दोन गोष्टींची सवय करून घ्यावी लागते : मे महिन्यातले पाहुणे आणि शाळेच्या ग्रुपवरचे रात्रीचे निरोप. पाहुणे निदान दारात उभे राहून हसतात तरी. निरोप रात्री साडेनऊला येतो, 'उद्या अमुक दिन असल्याने' अशी सुरुवात करतो आणि 'पालकांनी नोंद घ्यावी' म्हणून हात झटकतो. मधे काहीही असू शकतं. चिमणीसाठी मातीचं भांडं, ओझोनच्या थरासाठी निळी कार्डशीट, पाण्यासाठी घोषवाक्य. दिवस पोराचा असतो, गृहपाठ बापाचा.

१५ ऑक्टोबर हा त्यातला जोडदिवस. डॉ. अब्दुल कलामांची जयंती म्हणून राज्यात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन, आणि २००८ पासून जगभर तोच हात धुण्याचा दिवस. आमची पिंकी एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हातात साबण घेऊन शाळेत गेली आणि संध्याकाळी पुस्तक धुऊन आणलं.

मुलींसाठी तर तीन दिवस आहेत. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, तो महाराष्ट्राचा बालिका दिन; २४ जानेवारी देशाचा; ११ ऑक्टोबर जगाचा. पिंकीला तिन्ही तारखा तोंडपाठ आहेत आणि त्या दिवशी ती ताटसुद्धा उचलत नाही. "मग माझा दिवस कधी?" असं धाकट्यानं विचारलं, तेव्हा त्याला बालदिन दाखवला. पण १४ नोव्हेंबर बऱ्याचदा दिवाळीच्या सुट्टीतच सापडतो. २०२३ ला तर नेमका पाडवा होता. शाळेला कुलूप, चाचा नेहरू भिंतीवर आणि हा घरात चकली खात बसलेला.

जागतिक कुटुंब दिनाचं मात्र मला कौतुक आहे. संयुक्त राष्ट्रांनी १९९३ साली ठराव करून १५ मे ही तारीख धरली. ठराव करणाऱ्यांनी पन्हाळा पाहिला नसणार, पण तारीख अचूक काढली. त्या आठवड्यात खाली कोल्हापूर भाजत असतं आणि आमच्याकडं गार वारं म्हणून आत्या, मावश्या, मेहुणे आणि मेहुण्यांचे ऑफिसातले मित्र मुक्कामाला असतात. प्रत्येकाला तीन दरवाजा दाखवायचा, सज्जाकोठीवरनं फोटो काढायचे, अंधारबावीत नेऊन परत आणायचं आणि रात्री झुणका-भाकर. शाळेला सुट्टी असल्यानं या दिवसाचा निरोप तेवढा येत नाही. आला असता तर 'कुटुंबासोबतचा फोटो पाठवा' म्हणाले असते, आणि तेवढी माणसं एका फोटोत बसवायला मला पुसाटी बुरुजावर चढावं लागलं असतं.

शिवजयंतीची गोष्ट वेगळी. त्या दिवशी गडावर ज्योत न्यायला गावोगावची पोरं येतात, निरोपाची वाट कुणी बघत नाही. फक्त शाळेतल्या वेशभूषेला एक अडचण असते. सगळ्यांनाच महाराज व्हायचं असतं, उरलेल्यांना बाजीप्रभू नाहीतर शिवा काशीद. सिद्दी जौहर व्हायला कुणीच तयार नाही. १६६० साली जो माणूस चार महिने या गडाला वेढा घालून बसला, त्याच्यासाठी दहा मिनिटं उभं राहायला एक पोरगं मिळत नाही. शेवटी पात्रं वाटायच्या दिवशी जो गैरहजर असतो, तो सिद्दी.

तर आजी-आजोबा दिवस. शालेय शिक्षण विभागानं २०२३ साली १० सप्टेंबर ही तारीख ठरवली. पहिल्याच वर्षी त्या दिवशी रविवार निघाला. दुसऱ्या वर्षी, २०२४ ला, बरोबर १० तारखेला घरोघरी गौरी आल्या. गौरी दारात असताना कुठली आजी उंबरा ओलांडते? सोयीच्या दुसऱ्या दिवशी कार्यक्रम घेण्याची मुभा आहे, पण आमच्या शाळेनं तारीख सोडली नाही. २०२५ ला बुधवार मिळाला, सण नाही, सुट्टी नाही. फक्त पितृपंधरवडा चालू होता.

निरोप वाचून दाखवल्यावर आई माझ्याकडं बघतच राहिली. "व्हय रं, पंधरवड्यात बोलावलंय? म्हंजे जितेपणीच?"

पिंकीनं कशीबशी समजूत काढली. पुढचा प्रश्न बटव्याचा. आजीच्या बटव्यातल्या वस्तूंचं प्रदर्शन होतं. शाळेच्या मनात सुंठ, वेखंड, बाळहिरडा, मुरुडशेंग असणार. आईच्या पिशवीत निघाल्या रक्तदाबाच्या गोळ्या, बामची बाटली, आधार कार्ड आणि मशेरीची डबी. डबी पिंकीनं दारातच जप्त केली. ३१ मेच्या तंबाखूविरोधी शपथेनं ती तयार झालेली आहे, आणि शाळेच्या फाटकावर शंभर यार्डांचा फलकही आहे. बाकीचं टेबलावर मांडलं. बाईंनी कौतुकानं विचारलं, "आजी, यातलं आधार कार्ड कशावर चालतं हो?"

"गुडघ्यावर," आई म्हणाली. "पंचाहत्तरी झाली न्हवं, एसटी फुकट. चालायलाच लागत न्हाई."

राज्यानं ही सवलत २०२२ च्या ऑगस्टपासून दिली, तेव्हापासून आई कोल्हापूरला कोथिंबीर आणायलासुद्धा जाते. वैद्यकीयदृष्ट्या तिचं उत्तर बरोबरच होतं.

मग खेळ. विटी-दांडू मैदानात ठेवला होता. सप्टेंबरात गडावर धुकं असं उतरतं की समोरचा माणूस आवाजावरनं ओळखावा लागतो. एका आजोबांनी धोतर खोचलं, विटी उडवली आणि दांडू असा हाणला की ती धुक्यात गेली ती गेलीच. किती दांडू अंतर पडलं ते मोजता आलं नाही. आजोबा म्हणत होते सोमेश्वर तलावापर्यंत गेली, आणि त्यांना खोटं पाडायला कुणाजवळ पुरावा नव्हता.

म्हणून सगळे व्हरांड्यात आले आणि संगीत खुर्ची सुरू झाली. खरं म्हणजे ती सुरू झालीच नाही. खुर्च्या दिसताच आज्या बसल्या. गाणं लागलं, त्यांनी ते मन लावून ऐकलं. बाई म्हणाल्या, "आजी, गाणं लागलं की उठायचं." आई म्हणाली, "बसल्या जाग्यावरनं उठवायचं, ह्यो कसला मान?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. गाणं थांबलं, पुन्हा लागलं, पुन्हा थांबलं. बाईंनी एक रिकामी खुर्ची तेवढी बाजूला नेली, कारण तीच हलवता येण्यासारखी होती. शेवटी सगळ्यांचाच पहिला नंबर काढला आणि प्रत्येकीला एक कंपास पेटी दिली. आईनं त्यात आता गोळ्या ठेवल्यात. डबीची जागा रिकामी राहिली म्हणून ती अजून पिंकीशी भांडते आहे.

जुलै २०२५ मध्ये पन्हाळा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. म्हणजे १८ एप्रिलच्या वारसा दिनाला आता जोर येणार, आणि ज्या तीन दरवाज्यावरनं पोरं रोज क्रिकेट खेळायला जातात तिथंच त्यांची क्षेत्रभेट निघणार. निघू दे. दिवस कितीही वाढवा, माझी तक्रार नाही. गुरुजन आणि बाईंना एकच विनंती : निरोप आदल्या दिवशी दुपारी चारच्या आत टाका. गडावरची दुकानं लवकर बंद होतात, आणि एका निळ्या कार्डशीटसाठी रात्री वीस किलोमीटर घाट उतरून कोल्हापूरला जायला यापुढं मी तयार नाही. आई जाईल म्हणते, पण तिला शेवटची एसटी मिळत नाही.