मेडिकलवाल्याची फुकट तपासणी

“वहिनी, सकाळीच मेडिकलची पिशवी? कोण आजारी हाय?”

“हेच की. दोन दिवस झाले, शिंका थांबनात. डॉक्टर लेनला गेलं की अर्धा दिवस नंबरातच जातो, वरून तपासायचे तीनशे. कोपऱ्यावरच्या मेडिकलवर तिथल्या तिथं दिलं. एक रुपया फी नाही!”

“आणि बिल?”

“चारशे दहा.”

“मग फी गोळ्यांतच आली की वो! आमचा बंटी बी. फार्म. करायलाय ना, रात्री जेवताना हेच सांगू लागला. तिकडं लंडनमध्ये औषधवाले आधी वाण्यांच्या संघात होते म्हणे, मिरी-मसालेवाल्यांसोबत. १६१७ला राजानं त्यांची वेगळी संस्था करून दिली. पण तपासायचा मान डॉक्टरांच्या कॉलेजचा, यांनी निस्तं औषध बनवून द्यायचं.”

“ऐकलं का त्यांनी?”

“कशाचं! लोक दुकानातच जायचे. रोज नावाचा एक औषधवाला होता. त्यानं एका खाटकाला औषधं देऊन देऊन पन्नासेक पौंडांचं बिल केलं, अन् गुण काही येईना. खाटीक गेला कॉलेजकडं. कॉलेजनं रोजवर खटला भरला, जिंकला बी. पण १७०४ला हाउस ऑफ लॉर्ड्सनं निकाल फिरवला. औषधवाल्यानं सल्ला खुशाल द्यावा, पैसे मात्र औषधाचेच घ्यावेत, असं ठरून गेलं.”

“बरं झालं की. गरिबाची सोय झाली.”

“झाली ना. दर वेळी डॉक्टर कुणाला परवडतो? पण पोट औषधावरच असल्यावर तो बाटल्या कमी कशाला देईल? ‘काही नको, झोपा’ म्हणलं तर गल्ल्यात काय पडणार? म्हणून आपल्याकडं लिहिणारा वेगळा, देणारा वेगळा. चिठ्ठीवरचं औषध नोंदणीवाल्या फार्मासिस्टनंच द्यावं, असा १९४८चा कायदा हाय. आणा बघू पिशवी... हे बघा, सेफिक्झिम! लाल चौकटीत इशारा छापलाय. अँटिबायोटिक हाय, साध्या सर्दीला काही कामाचं नाही. २०१४पासून हे एच-वन यादीत. डॉक्टरची चिठ्ठी तर पाहिजेच, वर डॉक्टरचं अन् पेशंटचं नाव रजिस्टरात लिहून तीन वर्षं जपावं लागतं. यांचं नाव लिहून घेतलं का?”

“नाव कसलं विचारतात! चिठ्ठी बी मागितली नाही.”

“फार्मासिस्ट होता का दुकानात?”

“भिंतीवर एका बाईचं सर्टिफिकेट लटकवलंय. त्या म्हणे लग्न होऊन लातूरला गेल्या.”

“घ्या! मग दिलं कुणी?”

“काउंटरवरच्या पोरानं. दिवाळीपर्यंत साडीच्या दुकानात होतं ते. पण लई गोड बोलतंय हो. पैसे देताना मलाच म्हणलं, काकू, यातच अजून भारीतलं दाखवू का?”