लॅमिंग्टन रोडचा विश्वकर्मा

तयार वस्तू विकत घेणं म्हणजे दुकानदाराच्या हातून राजीखुशीने लुटलं जाणं, अशी ज्यांची पक्की समजूत असते त्या जमातीतला मी आहे. पीठ मी गिरणीत समोर उभा राहून दळून घेतो. चष्म्याची फ्रेम एका दुकानातून आणि काचा दुसऱ्या दुकानातून आणतो. त्यामुळे घरात नवा कॉम्प्युटर यायचा तर तो सुट्या भागांतूनच येणार आणि ते भाग मीच जोडणार, हे बायकोने माझ्या आधी ओळखलं. "अहो, निदान हॉलमधला पंखा तरी आधी परत जोडा," एवढंच ती म्हणाली. तो पंखा मीच दुरुस्तीला उतरवला होता.

कॉम्प्युटर हवा होता तो मुलीच्या लहानपणच्या मिनी डीव्ही कॅसेटसाठी. असली एक तासाची कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवली की सुमारे १३ जीबी जागा खाते, आणि आमच्याकडे त्यांनी भरलेला अख्खा बुटाचा खोका. शिवाय जुन्या कॉम्प्युटरमधली १ टीबीची हार्ड डिस्क होती. तिच्यात बारशापासून कॉलेजपर्यंतचे सगळे फोटो होते आणि त्यांची दुसरी प्रत कुठेही नव्हती. तेव्हा ४ टीबीची नवी डिस्क, विंडोजसाठी वेगवान एसएसडी आणि भविष्याला पुरून उरेल असा प्रोसेसर, अशी यादी मी केली. यादी उत्तम होती. तिच्यातल्या एकाही वस्तूत आजतागायत दोष निघालेला नाही.

ग्रँट रोड स्टेशनातून बाहेर पडून लॅमिंग्टन रोड विचारावा लागत नाही. पाट्यांवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, पण १९०३ ते १९०७ मुंबईचा गव्हर्नर असलेला तो लॉर्ड लोकांच्या तोंडून अजून हललेला नाही. मी प्रत्येक वस्तू वेगळ्या दुकानातून घेतली, म्हणजे कुणालाच माझ्यावर फार कमावता येऊ नये. एका दुकानातला पोरगा म्हणाला, "अंकल, सब इधर से लो, जोडके, टेस्ट करके देता हूँ. पाँचसौ लगेगा." मी हसलो. त्या हसण्याचा हिशेब पुढे व्याजासकट झाला.

मदरबोर्ड बी४५० जातीचा, जुन्या मालातला, सीलबंद आणि स्वस्त. प्रोसेसर रायझन ५ ५६००. दोघांचं सॉकेट एकच, एएम४. प्रोसेसर अलगद बसला, पंखे फिरले, दिवे लागले आणि पडदा काळा राहिला. अशा वेळी करायचा आपल्याकडचा परंपरागत उपाय मला ठाऊक होता: रॅम काढायची, तिच्या सोनेरी पट्टीवर खोडरबर घासायचा आणि परत लावायची. नुकत्याच पाकिटातून काढलेल्या कोऱ्या करकरीत रॅमवर मी तो तन्मयतेने केला. पडदा काळाच. मग दोन्ही पट्ट्यांच्या जागा बदलल्या, वायरी उपटून पुन्हा खोचल्या, शेवटी टेबलाची दिशासुद्धा बदलली.

बोर्ड पिशवीत घालून मी पुन्हा लॅमिंग्टन रोडला. त्याच पोराने खोक्यावरचा स्टिकर वाचला. "अंकल, बोर्ड अठरा का, प्रोसेसर बाईस का. पहचानेगा कैसे?" बोर्डाच्या पोटात बायॉस नावाचा एक कारकून असतो आणि त्याच्याकडे ओळखीच्या प्रोसेसरांची यादी असते. २०१८ साली कारखान्यातून निघालेल्या बोर्डाच्या यादीत २०२२ सालच्या प्रोसेसरचं नाव कुठून असणार? यादी नवी करता येते, पण त्यासाठी बोर्ड चालू व्हावा लागतो, आणि चालू व्हायला त्याच्या ओळखीचा प्रोसेसर लागतो. सरकारी कामाचा अनुभव असल्यामुळे हे तर्कशास्त्र मला लगेच समजलं. पोराने ड्रॉवरमधून एक जुना प्रोसेसर काढला, पेन ड्राइव्ह लावला आणि माझा चहा संपायच्या आत बायॉस नवा केला.

"अभी डिस्प्ले आयेगा?" मी विचारलं.

"ग्राफिक कार्ड कौनसा लिया?"

"वो किसको चाहिए? अपने बोर्ड को एचडीएमआय है ना!"

त्याने माझ्याकडे फार मायेने पाहिलं. बोर्डावरचं एचडीएमआय म्हणजे नुसतं भोक. त्यातून चित्र यायचं तर ते प्रोसेसरने काढावं लागतं आणि ५६०० ला चित्रकला येत नाही. शेवटी 'जी' अक्षर असलेला घेतला असता तर आली असती. ते अक्षर मी दुकानात पाहिलं होतं, पण एका अक्षराचे जास्त पैसे मागतात म्हणून दुकानदाराला खडसावलंही होतं. मग एक जुनं ग्राफिक्स कार्ड घेतलं. जोडणीचे वाचलेले पाचशे तिथेच संपले.

घरी पडदा उजळला, एसएसडीवर विंडोज चढली, बायकोने साखर ठेवली. आणि मग कळलं की चित्र दिसत होतं, पण डिस्का दिसत नव्हत्या.

४ टीबीच्या डिस्कचा उलगडा लवकर झाला. कोरी डिस्क आधी विंडोजकडे नोंदवावी लागते. नोंदवताना विचारणा झाली: एमबीआर की जीपीटी? एमबीआर १९८३ पासून चालत आलेली पद्धत, जीपीटी नंतरची. मी जुन्यावर भरवसा ठेवणारा माणूस, एमबीआर निवडली. डिस्क झाली २०४८ जीबीची, आणि तिच्याशेजारी १६७८ जीबीचा एक काळ्या पट्टीचा तुकडा, ज्यावर कशानेही क्लिक केलं तरी काही होईना. एमबीआरला डिस्कवरचे कप्पे ३२ बिटांच्या आकड्यातच मोजता येतात. एक कप्पा ५१२ बाइटचा धरला की मोजणी २ टीबीला संपते. पुढची जमीन सातबाऱ्यावर चढतच नाही. बरं, बेरीज केली तरी ४ टीबी होईना, ३.६३च भरली! वजनात मारलं म्हणून मी दुकानदाराला फोन करून चांगलं झापलं. तो बिचारा समजावत होता की कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. "वजनमापवाल्यांकडे तक्रार करीन," असं म्हणून मी फोन ठेवला. हजाराचा किलो मी जन्मभर घेत आलो होतो हे फोन ठेवल्यावर आठवलं.

एमबीआर पुसून जीपीटी करायला पुण्याची भाची फोनवर आली. तिने मला डिस्कपार्ट नावाची काळी खिडकी उघडायला लावली.

"मामा, लिस्ट डिस्क लिही. चार टीबीवालीचा नंबर काय दिसतोय? साइज बघून सांग."

"अगं, साइज कशाला? दोनच तर आहेत. शून्य विंडोजची, एक ही."

"ठीक. मग डिस्क एक सिलेक्ट कर, आणि क्लीन. मामा, तो पुन्हा विचारत नाही हं."

त्याने खरंच विचारलं नाही. एंटर दाबताच डिस्क स्वच्छ, जीपीटी, सलग ३.६३. विद्या विसरू नये म्हणून मी 'डिस्क १ – क्लीन' अशी चिठ्ठी लिहून कॅबिनेटला चिकटवून टाकली.

फोटोंची डिस्क मात्र बेपत्ताच. मी सॅटा केबल बदलली, पॉवरची वायर बदलली, डिस्कला कान लावून ऐकलं. ती आत व्यवस्थित घुमत होती. "फोटो गेले का?" हे बायको दिवसातून अनेकदा विचारायची, आणि मी "कनेक्टिव्हिटीचा इश्यू आहे" असं उत्तर द्यायचो. हे उत्तर कुठल्याही प्रश्नाला चालतं. भाचीने शेवटी विचारलं, "मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय?"

आता सांगायला हवं की माझी सारी नोकरी विम्याच्या कचेरीत गेली. बारीक अक्षरातल्या अटी वाचल्या नाहीत म्हणून दावा नाकारलेल्या माणसांना, पॉलिसीवर बोट ठेवून, ती अक्षरं मीच वाचून दाखवत असे. मॅन्युअल खोक्यातच होतं, प्लॅस्टिकसकट. एम.टूच्या दुसऱ्या खाचेपुढे तारा होता. पानाच्या तळाशी, आमच्या कचेरीला शोभेल अशा अक्षरात लिहिलं होतं: या खाचेत एसएसडी बसवल्यास दोन सॅटा पोर्ट बंद राहतील. चाळीत एकाच नळावर दोन बिऱ्हाडं असावीत तशी ती व्यवस्था: वरच्यांनी तोटी सोडली की खालच्यांची बादली कोरडी. पहिली खाच पंखा आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यामधल्या अडचणीत होती, तिथे स्क्रूड्रायव्हर नीट जाईना, म्हणून मी एसएसडी ऐसपैस दुसऱ्या खाचेत बसवला होता. तो काढून पहिलीत घातला. फोटो आले. बारसं, मुंज, गॅदरिंग, सगळं.

मग सहज, हिशेब पाहावा म्हणून, मी पुन्हा लिस्ट डिस्क लिहिलं. डिस्क ०, विंडोज. डिस्क १, ९३१ जीबी. डिस्क २, ३७२६ जीबी.

म्हणजे तो नळ त्या दिवशी कोरडा नसता तर डिस्क १ वर सगळे फोटो असते आणि मी साइज न बघता क्लीन केलं असतं. ज्या बंद पोर्टाला मी इतके दिवस शिव्या घालत होतो, त्यानेच माझ्यापासून फोटो वाचवले. चिठ्ठी अजून कॅबिनेटला होती. बायकोच्या नजरेला पडायच्या आत मी ती फाडून खिशात घातली आणि तडक बाहेर जाऊन फोटोंच्या दुसऱ्या प्रतीसाठी आणखी एक डिस्क घेऊन आलो.

कॅसेटचं काम राहिलंच आहे. कॅमेऱ्यातून कॅसेट उतरवायला फायरवायर कार्ड लागतं. ते मी पहिल्याच फेरीत स्वस्तात घेतलं होतं. ते जुन्या पीसीआय खाचेचं आहे आणि माझ्या बोर्डावर सगळ्या खाचा पीसीआय एक्स्प्रेसच्या. तेव्हा ते कार्ड, न वापरलेलं, विकणे आहे. सोबत दोन सॅटा केबल फुकट. घेणाऱ्याने आपल्या बोर्डावर कुठली खाच आहे ते घरूनच पाहून यावं. मला विचारू नये.