दिसले म्हणजे वाचले

लिंक्डइनवर माणसाचे काम मोजले जात नाही. कामाविषयी केलेली पोस्ट मात्र बारकाईने मोजली जाते. कंपनीच्या पानावरची पोस्ट निम्मी पडद्यावर आली आणि ३०० मिलिसेकंद टिकली, की एक ‘इम्प्रेशन’ जमा. अंगठ्याने पडदा सरकवताना ती नुसती नजरेसमोरून गेली तरी चालते. वाचण्याची अट नाही. लिंक्डइनचा ‘सोशल सेलिंग इंडेक्स’ तर माणसाला १०० पैकी गुणच देतो: स्वतःची प्रतिमा, योग्य माणसांचा शोध, चर्चेतला सहभाग आणि संबंध, प्रत्येकी २५. शाळेत वर्तणुकीलाही इतके गुण नसत. महिनाअखेरीस कंपनीच्या बैठकीत हे आकडे रंगीत आलेखांतून सादर होतात. रेघ चढती असली की टाळ्या पडतात. विक्री किती झाली, हे फक्त हिशेबनिसाला ठाऊक असते आणि त्याला या बैठकीचे बोलावणे नसते.