हात दे, पण धरू नकोस

बीड जिल्ह्यातल्या नेकनूरला बंकटस्वामींचा वारकरी मठ आहे, त्यामुळे वारकऱ्यांची फुगडी म्हणजे काय हे इथल्या माणसाला शिकवायला नको. हातांची कैची करायची, पाय जुळवायचे, अंग मागे टाकायचं आणि गरगर फिरायचं. समोरच्याच्या वजनावर आपण आणि आपल्या वजनावर तो. पकड जितकी घट्ट, तितकी फुगडी रंगते.

हीच विद्या घेऊन कुणी नेकनूरकर बॅलेच्या जोडीनृत्याच्या, म्हणजे ‘पा द दे’च्या वर्गात गेला, तर पहिल्याच दिवशी बोलणी खाईल.

तिथे मुलगा मुलीच्या मागे उभा राहतो, हात तिच्या कमरेला. नवशिका कंबर अशी आवळतो, जणू बाजारातून ज्वारीचं पोतं उचलायचंय. पण एका चवड्यावर उभ्या असलेल्या मुलीचा तोल तिचा तिने साधलेला असतो. त्याने फक्त ओळखायचं की वजन कुठल्या बाजूला झुकतंय, आणि तसूभर सावरायचं. जोर लावला की उभी असलेली मुलगीही कलते. गिरकीत तर त्याचे तळवे नुसते कमरेभोवती राहतात, ती त्यांच्यामधून फिरते. तिच्या कोपरापासून स्वतःचं नाक वाचवणं हाही अभ्यासक्रमाचाच भाग, फक्त तो कुठे छापलेला नसतो.

उचलण्याचंही तेच. ती गुडघे वाकवून उडी घेते, त्याच क्षणी तो पायांच्या ताकदीने तिला वर नेतो. घाई केली तर सगळा भार त्याच्या कमरेवर. उशीर केला तर बाईसाहेब एकट्याच वर जाऊन परत येताहेत.

मुंबईत येहुदा माओर या इस्रायली-अमेरिकन गुरूंकडे मनीष चौहान आणि अमीरुद्दीन शाह बॅले शिकले. एकाचे वडील टॅक्सीचालक, दुसऱ्याचे वेल्डर. त्यांच्यावर सूनी तारापोरवाला यांनी २०२० मध्ये ‘येह बॅले’ हा चित्रपट काढला, आणि मनीषने त्यात स्वतःवर बेतलेली भूमिका केली. हवेत कोलांट्या मारणाऱ्या पोराला बॅलेने आधी सरळ उभं राहायला शिकवलं, ही माओर यांची खरी कमाल.

पुरुषाने नुसता हात देण्याचा कळस मात्र १८९० मध्ये सेंट पीटर्सबर्गला मारियुस पेतिपाने रचलेल्या ‘स्लीपिंग ब्यूटी’त आहे. राजकन्या अरोराला मागणी घालायला चार राजपुत्र येतात. ती एका पायाच्या बोटांच्या टोकावर तोलून उभी. एकेक जण तिचा हात धरून तिच्याभोवती चालतो, ती हात सोडते, डोक्यावर नेते, मग पुढच्याच्या हातात देते. सगळ्या टाळ्या तिला. लग्न लागतं ते १०० वर्षांनंतर उगवलेल्या पाचव्याशीच.