लातूरचे सिंह

फ्रीमेसन नावाची एक जुनी, गुप्त बंधुमंडळी आहे. नव्या सभासदाला डोळ्यांवर पट्टी बांधून आत नेतात, कमरेला एप्रन बांधतात, ओळखीच्या खुणा ठरलेल्या, आणि आतलं बाहेर बोलायचं नाही. स्वामी विवेकानंद तरुणपणी कलकत्त्यात या मंडळींत होते. हैदराबादेत गोशामहल बारादरीत मेसन मंडळींचा लॉज. आम्ही लातूर-नांदेडवाले १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानातलेच, पण माझ्या ओळखीत एकही मेसन नाही. असला तरी कळणार कसं म्हणा!

लातूरकराला हे जमणंही अवघड. ज्या गावात भाच्याच्या बारशाचं फ्लेक्स चौकात लागतं, त्यावर मामाच्या मित्रांचेही फोटो असतात, तिथे गुपचूप बंधुभाव कोण करणार? म्हणून आम्ही लायन्स क्लबात गेलो. तिथे बंधुभाव माइकवरून होतो.

मेल्विन जोन्स नावाच्या विमावाल्याने १९१७ साली शिकागोत ही मंडळी उभी केली. विमावाल्याने म्हटल्यावर सभासद कसे वाढवायचे हे शिकवावं लागलं नसणार. आमचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. बाहेर सोयाबीनची पेरणी, आत पदग्रहण. जुना अध्यक्ष गळ्यातली पट्टी उतरवून नव्याच्या गळ्यात घालतो, मुलगी सासरी पाठवावी तशा चेहऱ्याने. त्या दिवसापासून आडत दुकानदार ‘लायन’ होतो. एक हजार डॉलर दिले की नावामागे ‘एमजेएफ’, म्हणजे मेल्विन जोन्स फेलो, हेही लागतं. मग लग्नपत्रिकेत आधी ते छापतात, मुलाची डिग्री जागा उरली तर.

पण क्लबचा खरा राजा अध्यक्ष नव्हे, टेल ट्विस्टर. सभेत दंड गोळा करणं हेच त्याचं काम. क्लबची पिन लावली नाही, दंड. लावली पण वाकडी, दंड. फोन वाजला, दंड. पेपरात फोटो आला आणि खाली क्लबचं नाव नाही, तर जबर दंड. आमचे एक ज्येष्ठ वकील दर वेळी उठून विचारायचे, “कशाचा दंड करूलालाव?” की लगेच प्रश्न विचारल्याचा दंड. नियमावली मात्र फार शहाणी आहे. एका सभासदाला एका सभेत दोनदाच दंड करता येतो, आणि खुद्द टेल ट्विस्टरला दंड करायचा तर हजर असलेल्या सगळ्यांचं एकमत लागतं. आमच्या सभेत चहा की कॉफी यावरही एकमत होत नाही, त्यामुळे तो वर्षभर निर्धास्त असतो. २०१६ च्या उन्हाळ्यात, मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी यायचं तेव्हा, अर्धा ग्लास पाणी टाकून उठलेल्या सभासदाला त्याने पकडलं. तेवढा एक दंड कुरकुर न करता भरला गेला.

मग लायन्सच्या प्रांतपालांची भेट, म्हणजे शाली आणि आणखी शाली. अहमदपूर-लोहा मार्गे नांदेडच्या मंडळींकडेही जाणं होतं. जेवण झकास, गप्पा झकास. फक्त विभागीय आयुक्तालय नांदेडला की लातूरला, हा विषय काढायचा नाही. काढणाऱ्याला दोन्हीकडचे टेल ट्विस्टर मिळून दंड करतात. मराठवाड्याची एकजूट मी तेवढीच पाहिली आहे.

येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येला, सभा कुणाच्या तरी शेतात. भज्जी, उंडे, आंबील, वर ताणून दिलेली झोप. त्या सभेचं इतिवृत्त कुणी लिहीत नाही, लिहिलं तर घोरण्याची नोंद करावी लागेल.

बाकी वर्षाचं काम म्हणाल तर रक्तदान, झाडं (खड्डा गेल्या वर्षीचाच) आणि डोळ्यांची शिबिरं. १९२५ साली हेलन केलर यांनी लायन्स लोकांना दृष्टिहीनांसाठी लढायला सांगितलं, ते आमच्या जिल्ह्यातही पोचलंय. उदगीरला लायन्सचं डोळ्यांचं रुग्णालय उभं आहे. आमच्या शिबिरातल्या एका आजीची मोतीबिंदूची पट्टी उघडली तेव्हा समोर अध्यक्ष उभे, फोटोसाठी. आदल्या दिवशी त्यांनी माइकवर पाऊण तास सेवेवर भाषण केलं होतं. आजीने डोळा बारीक केला, त्यांना पायांपासून टोपीपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, “तूच का रं त्यो? आवाजावरनं लई मोठा मानूस वाटला हुतास.”

टेल ट्विस्टरने अध्यक्षांना जागेवर दंड केला. आजीला दिसायला लागलं होतं, हे सिद्धच झालं.

येत्या १ जुलैला नवं पदग्रहण आहे. पत्रिकेत वेळ सातची आहे, तुम्ही साडेआठला या. भाषण एकही चुकणार नाही, आणि पिन लावायला विसरू नका.