श्री. आवाजी मतदान यांस अनावृत पत्र

मा. आवाजी मतदान साहेब,
मुक्काम संसद भवन, नवी दिल्ली (शाखा सर्व विधानभवनांत)

सा. न. वि. वि.

अभिनंदनाला जरा उशीरच झाला. एखाद्या कायद्याचं बारसं आणि बारावं दोन्ही एकाच्याच हातून व्हावं, असा योग क्वचित येतो. आपल्या नशिबी तो चौदा महिन्यांत आला. 20 सप्टेंबर 2020 रोजी राज्यसभेत दोन कृषी विधेयकं आपण पार पाडलीत आणि 29 नोव्हेंबर 2021 रोजी तिन्ही कृषी कायदे रद्द करणारं विधेयकही आपणच. लोकसभेत तर चर्चेविना, पाचेक मिनिटांत. वर्षभर शेतकरी दिल्लीच्या वेशीवर थंडीवाऱ्यात बसले होते. कायदे गुंडाळले कशासाठी, यावर लोकसभेत चर्चा व्हायची तेवढी राहून गेली.

शाळेत मुलांना तीन वाचनं शिकवतात. आधी विधेयक मांडायचं, मग कलमवार चर्चा, मग मंजुरी. पुढे दुसरं सभागृह, राष्ट्रपतींची संमती, राजपत्र. वाटेत समितीने छाननी करावी हेही पुस्तकात असतं. पंधराव्या लोकसभेत शंभरातली 71 विधेयकं समितीकडे गेली, सतराव्या लोकसभेत 16. पण ते रडगाणं आज नको, आज फक्त आपल्याशी बोलायचं आहे.

तो सप्टेंबरातला रविवार आठवतो? कोविडमुळे राज्यसभेचे सदस्य दोन सभागृहांत आणि गॅलऱ्यांत विखुरलेले. आसनावर उपसभापती हरिवंश. समोर घोषणा, माईकची मोडतोड, नियमपुस्तिकेची ओढाताण. विधेयकं प्रवर समितीकडे पाठवा, ही मागणी आपण फेटाळलीत आणि विधेयकंही आपणच मंजूर केलीत. होय-नाहीच्या आवाजावरून पीठासीनांनी दिलेला कौल सदस्याला मान्य नसेल, तर मतविभाजन, म्हणजे नावानिशी मतमोजणी, घ्यायची ही संसदेची रीत. ते मागितलं गेलं होतं. मागणारे आपापल्या जागेवर नव्हते, असं नंतर सांगण्यात आलं. माईक मोडणाऱ्यांची कड कुणी घेत नाही. पण टीव्हीवरच्या थेट प्रक्षेपणातला आवाजच काही वेळ गायब होता, याला काय म्हणावं? कुणाचा आवाज मोठा यावर देशाचा कायदा ठरणार आणि देशाला ऐकू काहीच येणार नाही! दुसऱ्या दिवशी आठ खासदार निलंबित झाले, त्यांत आपल्या महाराष्ट्राचे राजीव सातवही होते.

त्याच आठवड्यातली आणखी एक गंमत. 14 सप्टेंबरला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. 15 सप्टेंबरला लोकसभेने कांद्यावरचे साठ्याचे निर्बंध सैल करणारं तिसरं कृषी विधेयक मंजूर केलं. लासलगावच्या बाजारात ट्रॅक्टर घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याने यातलं खरं कुठलं धरायचं? निदान राज्यसभेत आपल्या राज्यातला कोणता खासदार कोणत्या बाजूला होता, एवढं तरी त्याला कळावं. तेही नाही, कारण आपल्या दप्तरात नावं नसतात. ‘होयचं बहुमत’ एवढंच असतं, आणि होय म्हणणारा कोण याची नोंद कुठेच नाही.

मराठी माणसाला आपली ओळख जुनी आहे. 12 नोव्हेंबर 2014, मुंबईचं विधानभवन, फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठराव. भाजपचे निवडून आलेले 122, बहुमताला हवे 145. राष्ट्रवादीने बाहेरून पाठिंबा देऊ केलेला. शिवसेना आणि काँग्रेस मतविभाजन मागत राहिले, अध्यक्ष हरिभाऊ बागडे यांनी ठराव आपल्याच भरवशावर मंजूर केला. त्या दिवशी राष्ट्रवादीच्या कुठल्या आमदाराने काय केलं, ते कागदावर सापडत नाही. केवढी सोय!

उलट सप्टेंबर 2023 पाहा. महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती होती, तिथे मतं मोजणं भाग होतं. लोकसभेत 454 विरुद्ध 2. त्या दोघांपैकी एक इम्तियाज जलील, म्हणजे छत्रपती संभाजीनगरचे तेव्हाचे खासदार. त्यांचं मत पटो न पटो, त्यांच्या मतदारांना ते दुसऱ्या दिवशी पेपरात वाचता आलं.

आता रागावणार असाल, तर खरं सांगायचं म्हणजे आपली कीवच येते. बिनविरोध कामं झटपट उरकावीत, खंड 2 ते 9 एका दमात संमत व्हावेत, यासाठी आपली नेमणूक. त्यात गैर काहीच नव्हतं. वाद पेटला की त्यावर आपल्यालाच पांघरूण म्हणून टाकायचं, हे काम आपण मागून घेतलेलं नाही. शिव्या मात्र आपण खाता.

पण मग ज्यांनी हे काम लावलं, त्यांना विचारा की भीती कसली? 1985च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून खासदाराचं मत पक्षादेशाला बांधलेलं आहे. हाताशी बहुमत असेल, तर मोजणीतही तेच जिंकतात. बटण दाबायला लागतात काही सेकंद, चिठ्ठ्या वाटल्या तर काही मिनिटं. तेवढाही वेळ नाही? कोट्यवधी लोकांच्या पोटापाण्याचा कायदा करताय आणि त्याखाली आपलं नाव लिहायला घाबरता? मग निवडणुकीत मतपत्रिकेवर तरी नाव कशाला छापून घेता?

असो. उत्तर देणार असाल तर कृपया लेखी द्यावं, खाली सहीनिशी.

आपला,
एक मतदार