आपण या ढेकण्याला पाहिलंत का?

नवलाख उंबऱ्यात एकीकडे एमआयडीसीच्या कंपन्या, दुसरीकडे इंद्रायणी भात. भात निसवलं, दाण्यात दूध भरलं, की शिवारात वास सुटतो. पण भाताचा नव्हे, लोंबीवरच्या ढेकण्याचा. आंबेमोहराचा सुवास इंद्रायणीत उतरवून ते वाण शेतकऱ्यांच्या हाती द्यायला वडगाव मावळच्या संशोधन केंद्राला १९८७ साल उजाडलं. त्या सुवासावर मात करायला ढेकण्याला एक सकाळ पुरते.

ढेकण्या चिमटीत आला की शहाणा माणूस हात धुतो. मी ग्रंथ उघडले.

किड्याचं शास्त्रीय वर्णन वाचताना मला दूरदर्शनवरचं ‘आपण यांना पाहिलंत का?’ हमखास आठवतं. बांधा सडपातळ, रंग हिरवट तपकिरी, उंची जेमतेम दीड सेंटिमीटर, मिशा चार पेरांच्या, पुढचे पंख निम्मे जाड, निम्मे झिरझिरीत. तोंडाला सोंड, दाण्यातलं दूध शोषायची सवय. नाव लेप्टोकोरिसा.

आता संशयित दोन उरले: अक्युटा आणि ओरॅटोरिया. पैकी अक्युटाचं बारसं लिनीयसचा शिष्य थुनबर्ग यानं १७८३ साली केलं. त्याआधी चारच वर्षं वडगावला इंग्रजांनी हात टेकून मराठ्यांशी तह केला होता. इंग्रजांना तिथून परतवणं जमलं. ढेकण्याला अजून जमलेलं नाही. पुढे त्याच इंग्रजांपैकी विल्यम डिस्टंट यांनी १९०२ पासून हिंदुस्थानातल्या या गोतावळ्यावर जाडजूड खंड लिहिले. पोटासाठी ते लंडनला कातडी कमावण्याच्या कारखान्यात नोकरी करत. नाकाची एवढी पूर्वतयारी असल्याशिवाय हे काम कुणी पत्करू नये.

दोघांतला फरक असा: ओरॅटोरियाच्या पोटाला खालून, कडेकडेनं ठिपके, अक्युटाचं पोट कोरं. पक्की खात्री हवी तर नराची जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची. मी ठिपक्यांवर भागवायचं ठरवलं. पडवीत बसून ढेकण्याला भिंगाखाली उताणं केलं. त्यानं आपल्या परीनं निषेध नोंदवला. ठिपके दिसेपर्यंत पडवीतली सगळी मंडळी अंगणात गेली होती.

“नाना, ठिपके आहेत!” मी ओरडलो.

“मग काय, दूध कमी पितंय का त्ये?” चुलत्यांनी नाकावरचा पंचा न काढता विचारलं.

“नाही. दोन्हीही सारखंच पितात. दाणा पोचट तो पोचटच.”

“मग ठिपकं काय बाजारात न्यायचेत?”

नानांचं वर्गीकरण सोपं आहे. ढेकण्ये दोन प्रकारचे: बांधाच्या अलीकडचे आणि पलीकडचे. अलीकडचे चुकून आलेले असतात. पलीकडचे शेजाऱ्यानं मुद्दाम सोडलेले असतात. ओळखायला भिंग लागत नाही, जुनं भांडण पुरतं.

खरं तर भात निसवेपर्यंत ढेकण्या अलीकडेही नसतो आणि पलीकडेही नसतो. तो बांधावरच्या गवतावर मुक्कामाला असतो. म्हणून तर शेतकी खातं कानीकपाळी ओरडतं, की बांध साफ ठेवा. आमच्याकडे वीतभर बांधापायी कोर्टात तारखांवर तारखा पडतात. दोन्ही पक्ष मोजणीचे नकाशे नाचवत सांगतात, “बांध माझा.” गवत काढायला विळा पुढे केला, की मात्र दोघांचं पहिल्यांदाच एकमत होतं: “बांध त्याचा.”